पिंपातला ‘मंडळीमित्र’

माझ्या ताब्यातली वस्तू कधी खराब होत नाही! लग्नातली पितळी किटली अजून चकचकीत आहे आणि नवराही बऱ्यापैकी टिकलाय. त्यामुळे पुण्याहून आभाने फोनवर सांगितलं, “आजी, ‘मंडळीमित्र’चे अंक आता जगात फक्त तुमच्याकडे उरलेत, सांभाळा हं,” तेव्हा मला हसू आलं. ही मुलगी जुन्या ख्रिस्ती मासिकांचा अभ्यास करते. सोमवारी ती फोटो काढायला येणार होती.

‘मंडळीमित्र’ माझ्या बाबांनी जन्मभर चालवला. बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडूनच द्यावा, हे त्यांचं ठाम मत. आमच्या ह्यांचे वडील दुसऱ्या पंथाचे, ‘सत्यसाक्ष’चे संपादक. ते लिहीत, माणूस पाण्यात पुरता बुडवलाच पाहिजे! आमच्या लग्नात दोघे व्याही एका बाकावर बसले, पण मध्ये पाळकसाहेबांना बसवावं लागलं.

शनिवारी आमच्या विचुंब्याच्या इमारतीत झुरळांचं औषध मारायचं होतं. कागदांवर उडालं तर? मी सगळे बांधीव खंड न्हाणीघरातल्या कोरड्या पिंपात रचले, झाकण लावलं आणि शेजारच्या हेतलकडे जाऊन बसले. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात!

परतले तर हे खुशीत. “कुमुद, टँकर आला होता. झाकण सरकवून नळी सोडली. पिंप काठोकाठ!”

मी किंचाळले. हे चप्पल घेऊन धावले.

“कुठाय झुरळ?”

“झुरळ कसलं! बाबा आहेत आत!”

ह्यांनी उगारलेली चप्पल खाली घेतली. “अगं, त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली...”

“त्यांचे अंक हो! मुद्दाम केलंत! तुमच्या घराण्याला बुडवायचीच हौस!”

ह्यांनी बाह्या सारून खांद्यापर्यंत हात घातला आणि एकेक खंड तान्ह्या बाळासारखा वर काढला.

रविवारी उपासना चुकली. पलंगावर, ओट्यावर, दोऱ्यांवर पानंच पानं! शिशाचे खिळे जुळवून केलेली ती जुनी छपाई. शाई तेलकट, एक अक्षर पसरलं नव्हतं. पण खळ विरघळली आणि पुठ्ठे सुटले.

“तुझे बाबा माझ्या वडिलांना डबक्यातला बेडूक म्हणालेत इथं,” हे म्हणाले.

“वाचू नका, वाळवा!”

सोमवारी आभा आली. मला तिच्याकडे बघवेना. पण तिने पानं सोडून ओले पुठ्ठेच उचलले. आत जाडीसाठी रद्दी चिकटवलेली होती, थरावर थर. तिने नखाने एक थर हळूच सोडवला.

“आजोबा, हा तर ‘सत्यसाक्ष’! याचा एकही अंक कुठे मिळेना, म्हणून मी नाद सोडला होता!”

दोन्ही मासिकांचा छापखाना एकच. तिथल्या बांधणीवाल्याने एका संपादकाची रद्दी दुसऱ्याच्या पुठ्ठ्यात भरली होती. बाबांनी ज्यांना जन्मभर झोडपलं, त्यांना इतकी वर्षं पोटाशी धरून ठेवलं होतं.

ह्यांनी तो ओला तुकडा तळहातावर घेतला. वडिलांचं नाव वाचलं.

आभा संध्याकाळपर्यंत पुठ्ठेच सोडवत बसली. बाबांच्या मासिकाचे फोटो ती पुढच्या आठवड्यात काढणार आहे. निघताना चाचरत म्हणाली, “आजी, दोन खंडांच्या पुठ्ठ्यांचे थर अजून सुटत नाहीयेत. ते पुन्हा जरा... बुडवाल का?”

बाबा, माफ करा. मी हो म्हटलं!