जनश्रवण कक्षाची ध्वनिचाचणी

आवाज नसणे आणि आवाज ऐकू न येणे या दोन स्वतंत्र बाबी असून त्यांची जबाबदारीही दोन स्वतंत्र व्यक्तींवर असते. सगळी सुव्यवस्था याच भेदावर उभी आहे. अर्जुनी मोरगावच्या जनश्रवण कक्षाला हा भेद जितका चांगला कळला, तितका तो फार थोड्या कार्यालयांना कळला असेल.

कक्षामागची कल्पना थोर होती. लोकांना अर्ज लिहिणे जड जाते, म्हणून त्यांनी फोन लावून किंवा त्याच नंबरवर निरोप पाठवून आपली तक्रार नुसती बोलावी, ती आपोआप ध्वनिमुद्रित व्हावी आणि कक्षातल्या पाच डेस्कटॉप संगणकांवर कर्मचाऱ्यांनी ती ऐकावी. फोन नंबर जिल्हाभर गावोगावच्या भिंतींवर रंगवला गेला. संगणकांत ओपन सोर्स प्रणाली बसवली, कारण ती फुकट होती. तिच्यातला साउंड ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला आवाज स्पीकरपर्यंत नेऊन पोचवणारा प्रोग्राम, देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी मिळून लिहिलेला होता. त्याचा मोठा गुण असा, की तो कोणीही तपासू शकतो, कोणीही दुरुस्त करू शकतो आणि बिघडला तर कोणालाही झापता येत नाही. (हा तिसरा गुण कक्षाच्या अंगी आधीपासूनच होता.)

दसऱ्याला कक्षप्रमुख यादोरावजींनी पाचही संगणकांची यथासांग पूजा केली. त्यांचा स्वभाव अर्धवट काम करण्याचा नाही. हार, हळद, कुंकू झाल्यावर त्यांनी उमेंद्रला विचारले, की ह्या यंत्राचं तोंड कोणतं? ऑपरेटर उमेंद्रने, मागच्या ज्या भोकात स्पीकरची पिन बसते ते दाखवले. यादोरावजींनी प्रत्येक तोंडात भक्तिभावाने चिमूटभर अक्षत भरली आणि वरून पिन जाईल तेवढी परत लावली. जिल्हा धानाचा, त्यामुळे तांदळात कोणी हात आखडता घेत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाचही संगणक मुके झाले.

यादोरावजी, सहायक निर्मलाबाई आणि उमेंद्र यांची ध्वनिचाचणी समिती तातडीने स्थापन झाली. चाचणीची पद्धत शास्त्रशुद्ध होती. उमेंद्रने चाचणीचा आवाज लावायचा, यादोरावजींनी उजवा कान आणि निर्मलाबाईंनी डावा कान स्पीकरला लावायचा, आणि काही ऐकू आले नाही यावर एकमत झाले की आवाज थोडा वाढवून ठेवायचा. असे करत करत तो शंभर टक्क्यांवर गेला. पुढे हा ड्रायव्हर उदार मनाचा असून दीडशे टक्क्यांपर्यंत जाऊ देतो असे आढळले, तेव्हा तो दीडशेवर नेऊन ठेवण्यात आला.

ड्रायव्हर मात्र दर वेळी पडद्यावर एकच ओळ दाखवी: स्पीकर जोडलेला दिसत नाही. यावर समितीने विचार केला. स्पीकर यादोरावजींना खुर्चीतून दिसत होता, निर्मलाबाईंना दिसत होता, चहावाल्यालाही दिसत होता. तेव्हा दोष ड्रायव्हरच्या नजरेत आहे, असा निष्कर्ष निघाला. उमेंद्रने तसे त्या स्वयंसेवकांना कळवले. कुठल्यातरी थंड देशातल्या एका भल्या माणसाने फार अदबीने उत्तर दिले, की कृपया पिन काढून भोकात काही अडकले आहे का ते पाहावे. यादोरावजींना हे लागले. पूजेत जोडलेली पिन पुढच्या दसऱ्याआधी काढायची नसते, एवढी साधी गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याने ड्रायव्हर लिहू नये, असे त्यांचे मत पडले.

दरम्यान कक्षाची प्रगती डोळ्यांत भरू लागली. ऐकलेल्या तक्रारी: शून्य. त्यांपैकी निकाली काढलेल्या: सर्व. कर्मचाऱ्यांची डोकेदुखी थांबली, निर्मलाबाईंचा स्वेटर काखेपर्यंत आला. ही कामगिरी पाहून गोंदियाचे मोठे साहेब स्वतः प्रशस्तिपत्र द्यायला येणार असे ठरले.

या साऱ्या भरभराटीत दुःखी होता तो एकटा उमेंद्र. तो दरेकसाचा. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, ओमेश्वरी त्याला मनापासून आवडायची, आणि दिवाळीला घरी गेला तेव्हा त्याने धीर करून आईला, म्हणजे सुखवंताबाईला, तिच्या घरी शब्द टाकायला सांगितले होते. उत्तर मंडईच्या आत मिळायचे होते. (मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा. तोवर न जुळलेली सोयरीक पुढल्या वर्षावर जाते.) मंडई रविवारवर आली तरी उमेंद्रच्या हाती होकार नव्हता की नकार नव्हता. त्याचे जेवणावरचे लक्ष उडाले.

आई निरोप पाठवत नव्हती असे नाही. दरेकसाला रेंज फक्त स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला येते. तिथे फोन लावला तर पहिल्या हॅलोलाच तुटतो, पण बोलून पाठवलेला निरोप हळूहळू का होईना पुढे सरकतो. सुखवंताबाईला लिहिता येत नाही, म्हणून ती रोज फलाटावर जाऊन बोलून पाठवी. अडचण एवढीच, की तिचा प्रत्येक निरोप म्हशीपासून सुरू होई. म्हैस काय खाते, काय खात नाही, कोणाच्या बांधात शिरली. उमेंद्र दिवसभर कान देऊन देऊन दमलेला असे. म्हैस आली की तो निरोप बंद करी आणि सवडीने ऐकू म्हणे. मग तो आईला ‘काय झालं?’ असे लिहून पाठवी, जे तिला वाचता येत नसे. आई आपल्याशी मोकळेपणी बोलत नाही, याचे त्याला फार वाईट वाटे.

शुक्रवारी साहेब आले. प्रात्यक्षिकाची तयारी चोख होती. पाचही संगणकांवर सर्वांत ताजी तक्रार एकाच वेळी लावायची, सर्वांनी गंभीर चेहऱ्याने शांतता ऐकायची आणि अधूनमधून मान हलवायची, असे ठरले होते. मान हलवण्याची तालीमही झाली होती.

पण दोन गोष्टी समितीच्या परवानगीशिवाय घडल्या होत्या. महिनाभरात लाल मुंग्यांनी त्या भोकांतली अक्षत दाणा दाणा करून उचलून नेली होती. आणि साहेब येणार म्हणून शिपाई बकाराम यांनी सकाळी संगणक पुसले होते. कुठेही काही बाहेर डोकावताना दिसले की ते आत दाबायचे, ही बकारामजींची नोकरीभरची शिस्त. त्यांनी पाचही पिना दाबल्या. त्या टक् टक् करत जागेवर बसल्या.

उमेंद्रने कळ दाबली. आवाज आला. पाच संगणकांतून, दीडशे टक्क्यांनी, एकदम आला. साहेबांच्या बशीतला कप चालू लागला आणि बसस्टँडवरची माणसे वळून बघू लागली.

“हॅलो. मी दरेकसाहून सुखवंता बोलून राहिली. माहा पोट्टा उमेंद्र तुमच्याच हापिसात आहे. त्याले निरोप धाडू धाडू मी थकली, तो आयकूनच नाही राहिला. कारी म्हस व्याली, थेबी त्याले ठाव नाही. ओमेश्वरीच्या घरचे हो म्हनून राहिले, पन मंडईले पोट्टा सोता आला पायजे म्हनते. नाही आला तं बालाघाटवाले पावने तयारच आहेत. तुम्ही आयकाचा पगार घेता, तं त्याले आयकाले लावा.”

तक्रार संपली. तालमीप्रमाणे सर्वांनी मान हलवली.

“ये उमेंद्र कौन है?” साहेबांनी विचारले. कोणाला बोट दाखवावे लागले नाही, उमेंद्रचे लाल झालेले कानच सांगत होते.

“काऊन रे,” यादोरावजी म्हणाले, “मायचं आयकाले तुले समिती लागते काय?”

“कायले उभा राहिला आता?” निर्मलाबाई म्हणाल्या. “गोंदियाची गाडी जाऊन राहिली ना.”

उमेंद्र धावत सुटला. मागे समितीची तातडीची बैठक बसली आणि स्वयंसेवकांकडे रीतसर तक्रार गेली. अपेक्षित काय होते: शांतता. प्रत्यक्षात काय घडले: आवाज. थंड देशातून उत्तर आले, की ड्रायव्हर याचसाठी असतो, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. मग पुढची पूजा दसऱ्याची वाट न पाहता सोमवारीच करावी व अक्षत जाड दाण्याची वापरावी, असा ठराव एकमताने झाला. प्रशस्तिपत्र साहेब टेबलावरच ठेवून गेले होते.

रविवारी मंडईत ओमेश्वरी उमेंद्रला भेटली. अर्जुनीचा आवाज दरेकसाला त्याच्याआधीच पोचला होता.

“मायचे निरोप आयकले?” तिने विचारले.

“शेवटचा आयकला.”

“सारे आयक. मंग बोलू.”

ओमेश्वरीच्या घरी सोयरिकीला जमलेले पाहुणे पाटावर बसून राहिले, चहा दोनदा गरम झाला, आणि उमेंद्र अंगणात बसून पहिल्या निरोपापासून ऐकत गेला. म्हैस, म्हशीचा चारा, म्हशीचा बांध. एका निरोपात म्हैस नव्हती. आई नुसती खोकली आणि म्हणाली, “जेवला काय? बस, येवढंच इचाराले आली होती.” स्टेशन घरापासून लांब आहे. उमेंद्रला स्वतःची लाज वाटली आणि तो उठून आईजवळ जाऊन बसला. ओमेश्वरीने त्यानंतर होकार दिला. म्हशीच्या रेडकाचे नावही तेव्हाच ठरले.

आता राहिला आपला प्रश्न, वाचकहो. आपल्याही फोनमध्ये असाच एक निरोप आहे. तो गुडघेदुखीपासून किंवा शेजारच्यांपासून सुरू झाला, म्हणून आपण सवडीने ऐकायला ठेवला. हा मजकूर आपण शेवटपर्यंत वाचला, त्याअर्थी सवड होती. ड्रायव्हर तपासून झाला आहे, त्यात दोष आढळला नाही.