सुटकेचं कापड

इबादानच्या तुरुंगाच्या फाटकाशी मोरेनिकेने मुलाला जवळजवळ ओढतच आणलं होतं. टुंजी नुकताच पेन्शन कचेरीत चिकटला होता. याच कचेरीत बसून त्याच्या बापाने म्हाताऱ्यांचं पेन्शन खाल्लं होतं. आज बाप सुटणार. वाळलेला, वाकलेला, हातात पिशवी. पोरगा बघेल, धसका घेईल. एवढाच तिचा बेत.

चूक एकच झाली. गाडी हवी म्हणून तिने दिराला, लासिसीला, सांगितलं.

"वहिनी, कापड कुठलं ठरवलंत?"

"कसलं कापड? लग्न आहे का?"

"म्हणजे ठरलेलं नाही. बरं, मी बघतो."

इबादानात कार्याला सगळे एकाच कापडाचे कपडे शिवतात; कापड ठरलं की कार्य ठरलं. फाटकाशी अख्खी आळी एकाच निळ्या, चंदेरी बुट्ट्यांच्या कापडात उभी होती. पहारेकऱ्याची टोपीसुद्धा त्याच कापडाची. भाताची पातेली, ढोलकरी, आणि गर्दीत पेन्शनवाल्याची विधवा, इबिवुमी मावशी.

"मावशी, तुम्हीसुद्धा? तुमचे मालक तर पेन्शनची वाट बघत गेले!"

"म्हणून तर आले, बाई. माझेच पैसे शिजलेत या भातात. निदान खाऊन तरी जाते."

फाटक उघडलं. टुंजीचा बाप, अडेगोके, बाहेर आला. खरंच वाळलेला, वाकलेला.

"बघ, बाबांचे हात बघ कसे कापतायत!" मोरेनिके कुजबुजली. टुंजीचा चेहरा उतरला. तिला धीर आला.

मावशी दिसताच अडेगोके धुळीत पालथा पडला. "आई, मी मेलेल्या माणसाच्या तोंडचा घास..."

"वा!" लासिसी ओरडला. "थोरांपुढे लोटांगण! तुरुंगात राहून रीत विसरला नाही माझा भाऊ!"

पुढचं ढोलाने आणि ढोलकऱ्यांच्या गाण्याने गिळलं.

"पाऊस पडला, हत्ती भिजला,
भिजून का हत्ती शेळी झाला?
वाट सोडा रे, वाट सोडा,
हत्ती आपुल्या रानी आला!"

लोकांनी त्याला उचलून उभं केलं, कपाळावर नोटा चिकटवल्या. तो रडत होता. ओल्या चेहऱ्यावर नोटा छान बसल्या.

परतताना बाप पुढच्या, सजवलेल्या गाडीत. मागच्या गाडीत मोरेनिकेच्या मांडीवर लासिसीने टाकलेलं उरलेलं कापड. टुंजी गप्प. गप्प म्हणजे घाबरलाय, तिला वाटलं.

"बोल की. काय शिकलास?"

टुंजीने बुट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"कापड चांगलंय गं आई. उरलेलं कुणाला देऊन टाकू नकोस. लागेल."

ती ते खिडकीबाहेर भिरकावणारच होती. पण हाताने आपोआप वीत लावली. एका माणसापुरतं सहज निघत होतं.