साळूआत्या काटा निवडते

एका जंगलात, मुलांनो, बाळं आपापल्या सवडीने जन्माला येत असत. त्यात कुणाला काही चूक वाटत नव्हती. मग तिथे सरकारी बाळंतघर झालं आणि बाळांना उशीर होऊ लागला.

उशीर मोजायला दारात एक खांब रोवला होता. पुढे तीन दगड मांडले होते. खांबाची सावली तिसऱ्या दगडाला लागेपर्यंत बाळ आलं नाही, तर आईची पाणमोट फोडायची, असा नियम होता. पाणमोट म्हणजे पोटात बाळ ज्या पाण्याच्या पिशवीत पोहत असतं ती.

हा नियम अधीक्षक मुंगूसरावांनी केला होता. त्यांना फोडण्याचा दांडगा अनुभव होता. आयुष्यात त्यांनी शेकडो अंडी फोडली होती. त्यांतून पिल्लं किती निघाली, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

फोडायचं काम साळूआत्याकडे आलं. साळूआत्या म्हणजे साळिंदर, जंगलातली जुनी सुईण. हिच्या अंगावर काटेच काटे, तेव्हा वेगळी हत्यारं आणायला नकोत, असं मुंगूसरावांनी ठरवलं. तिला काय वाटतं ते विचारायचं राहून गेलं. तिनेही सांगितलं नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की ती आपल्या नखांकडे बघत बसायची.

दुपारी सुइणी पाला चघळत बसल्या की हाच विषय निघे. वानरीण म्हणे, फोडलेलं बरं, कळा जोर धरतात आणि दमलेली बाई लवकर सुटते. लांडोर म्हणे, जोर धरतात खऱ्या, पण कधी कधी इतका की बाईला सोसवत नाही. शिवाय ते पाणी म्हणजे बाळाची गादी, ती आधीच का काढून घ्या? साळूआत्या नुसती ऐकायची. तिने जन्मभरात दोनदाच काटा वापरला होता. दोन्ही वेळा कळा थांबल्या होत्या, आणि दोन्ही वेळा तिने आईला आधी विचारलं होतं.

एके दिवशी ठिपकी नावाची हरिणी आली. पहिलटकरीण होती. आत पाऊल टाकताच ती म्हणाली, "आत्या, मला काटा नको. दुसऱ्या जंगलातल्या बाळंतघरात माझ्या बहिणीला लावला होता. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही."

साळूआत्याने तिच्या पोटाला कान लावला. आत ठोके छान टपटप पडत होते. ठिपकी फेऱ्या मारी, कळ आली की थांबे, कळ गेली की चार काड्या गवत खाई. सगळं नीट चाललं होतं. फक्त सावली पुढे सरकत होती.

ती तिसऱ्या दगडाला लागली आणि मुंगूसराव दारात हजर झाले.

"साळूबाई, वेळ झाली. फोडा."

ठिपकीने साळूआत्याकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर साहेब स्वतःच पुढे होतील. त्यांची नखं तिने पाहिली होती.

"बरं साहेब," ती हळूच म्हणाली. "पण काटा काढायचा तर मला अंग फुलवावं लागतं. कोणता काटा कुठे उडेल, नेम नाही. आपण जरा मागे सरता का?"

मुंगूसराव खांबापर्यंत मागे गेले. साळूआत्याने अंग झाडलं. काटे असे खळखळले की मुंगूसराव थेट ओढ्यापलीकडे पोचले. साळिंदराचा काटा कधी उडत नाही, हे अंडी फोडणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

"झालं का?" त्यांनी तिकडून विचारलं.

"काटा निवडतेय, साहेब."

निवडायला बराच वेळ लागला. एक बोथट निघाला. एक वाकडा निघाला. एक जरा जास्तच लांब होता. फोडण्याच्या बाजूची वानरीणसुद्धा मदतीला आली आणि मोठ्याने सांगू लागली, हा नको गं, तो बघ, नाहीतर त्याच्या शेजारचा. सगळा वेळ साळूआत्या एका हाताने ठिपकीची कंबर चोळत होती.

सावली दगड ओलांडून गवतात शिरली. मग ठिपकीने पाय रोवले. पाणमोट आपली आपण फुटली. थोड्याच वेळात एक ओलं, लटपटतं पाडस जमिनीवर आलं आणि शिंकलं.

मुंगूसराव धावत आले. पाडस पाहिलं. साळूआत्याच्या हातातला काटा पाहिला. तो कोरडा होता, पण इतक्या बारकाव्यात शिरायची अधीक्षकांना सवय नव्हती. नुसता काटा निवडल्यानेही बाळ येतं, असा मोठा शोध आपल्या बाळंतघरात लागला, हे त्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं. यापुढे सावली तिसऱ्या दगडाला लागली की प्रत्येक आईसाठी काटा निवडायचा, असा नवा नियमही झाला.

तेव्हा साळूआत्या जन्मात पहिल्यांदा चारचौघांत बोलली.

"साहेब, निवडायला वेळ किती घ्यायचा?"

मुंगूसरावांनी गंभीरपणे विचार केला.

"बाळ येईपर्यंत," ते म्हणाले.

तात्पर्य: मुलांनो, रिकाम्या हाताने वाट पाहू नये. लोक त्याला आळस म्हणतात. हातात काटा धरून वाट पाहावी, म्हणजे त्याला उपचार म्हणतात.