पेल्लोबाबांच्या फळ्या

पेल्लोबाबा पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी डायनिंग टेबलावर बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं. मग खुर्ची ठोकली, दार ठोकलं, आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन माझा पोळपाट उचलून कानाशी धरला.

"टेबल झूठा है, अम्मा. अंदर भूसा, ऊपर कागज. ये असली है."

टेबल माझ्या मुलाने, नितीनने, मोठ्या हौसेने आणलं होतं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मी बाबांना सांगितलं, मला अम्मा म्हणू नका, तुम्ही माझ्याहून मोठे दिसता. "ठीक है, अम्मा," म्हणाले.

इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर एकटे राहतात. माणूस बास्क. कुणी स्पॅनिश म्हटलं की चिडतो. देश स्पेन, पण भाषा वेगळी, डोंगर वेगळे, डोकं तर फारच वेगळं. वसईच्या माणसाला गुजराती म्हणून बघा, म्हणजे कळेल.

त्यांचं काम संगीत रचण्याचं. तरुणपणी त्यांनी तिकडच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी लिहिलं. कोट घातलेले लोक गप्प बसून ऐकायचे. पुढे कुणी विचारेना, तेव्हा इथल्या एका हॉटेलात पियानो वाजवायला आले आणि राहिले. लिहिणं मात्र सोडलं नाही. हिंदी शिकले ती हॉटेलच्या किचनमध्ये, त्यामुळे संगीतावर बोलतात तेही आचाऱ्यासारखं. मॉलमधलं गाणं ऐकून म्हणाले, "मायक्रोवेव में गरम किया." माझ्या नातीने पियानो वाजवून दाखवला. "सब बराबर है. नमक नहीं."

"आजी, ही इज सो रूड!" नात म्हणाली. मला माणूस बरा वाटला.

एकदा त्यांनी स्वतःचं संगीत माझ्या कानाला लावलं. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय कळणार? पण ऐकलं. संपल्यावर म्हटलं, कुणीतरी डोंगरात वाट चुकलाय आणि हाकही मारत नाही, असं वाटलं. मला वाटलं रागावतील. ते खूश झाले. "सही पकड़ा. मैं ही था."

एवढं सगळं लिहिलं, पण त्यांचा खरा जीव फळ्यांवर. त्यांच्या गावाकडे चालापार्ता नावाचं वाद्य असतं. वाद्य कसलं, लाकडाच्या दोन लांब फळ्या आडव्या ठेवायच्या आणि जाड दांडकी उभी धरून वरून आपटायची. बाबांनी नितीनच्या जबल अलीच्या गोदामातून मोडक्या खोक्यांच्या फळ्या आणवल्या. पार्किंगमध्ये बसून एकेक फळी ठोकत होते. वॉचमनने विचारलं, वाळवी शोधताय का? शेवटी दोन पसंत पडल्या.

हे वाजवायला दोन माणसं लागतात. एकाने ठेका धरायचा, दुसऱ्याने मधल्या मोकळ्या जागांत घुसायचं. गावी बाबा आणि त्यांची धाकटी बहीण माइते मिळून वाजवत. इथे बाबा फक्त आपला अर्धा भाग वाजवायचे. टक टक, मग काहीच नाही. पुन्हा टक टक. खाली बसून पुढच्या ठोक्याची वाट बघताना माझी डाळ करपायची.

यंदा थंडीत माइते अंथरुणाला खिळली. बोलणंही गेलं. बाबांनी तिच्यासाठी या फळ्यांवरचं नवीन काहीतरी रचलं होतं. खाली येऊन सरळ म्हणाले, "अम्मा, टाइम कम है. उसको सुनाना है. दूसरा आदमी चाहिए."

नितीन म्हणाला, "बाबा, दोनों पार्ट आप ही रेकॉर्ड करो, मैं कॉम्प्युटर पे जोड़ देगा."

"कॉम्प्युटर मेरी तरफ देखेगा?"

मग नितीनलाच उभं केलं. तो वन टू थ्री फोर मोजायला लागला. दांडक्यावर दांडकं आपटलं. "ये ऑफिस है क्या?" बाबा ओरडले. "मुझे देख, गिन मत!"

मी बघत बसले होते. रोह्याकडे आमच्या गावी मी आणि माझी जाऊ एका उखळात पोहे कांडायचो. समोरासमोर उभं राहायचं, तिचं मुसळ वर गेलं की माझं खाली. तिथे कुणी मोजत नाही. समोरच्या बाईचा खांदा बघायचा. मुसळाला मुसळ भिडलं की सासूची बोलणी.

"सरक," मी नितीनला म्हटलं.

थोड्या वेळाने बाबा थांबले. "बहुत खराब, अम्मा."

"मग?"

"मगर सही जगह खराब."

मग रोज संध्याकाळी मी वर जायला लागले. सून म्हणाली, आई, तुमचा खांदा! म्हटलं, खांदा माझाच आहे. बाबा शिकवताना राक्षस. केसभर उशीर झाला की, "ठंडा हो गया! फेंको!" मीही ऐकवलं, ओरडायचं तर त्या झूठ्या टेबलाशी जाऊन ओरडा.

रविवारी दुपारी फोन लावला. तिकडे नर्सने फोन धरला, इकडे नितीनने. पडद्यावर माइते उशीला टेकलेली, केस पांढरेशुभ्र. आम्ही सुरू केलं. चांगलं चाललं होतं, आणि मध्येच बाबांनी हात थांबवला. माझं दांडकंही धरलं.

"काय चुकलं?"

"कुछ नहीं. ये उसकी जगह है."

पडद्यावर माइतेने पलंगाच्या लाकडी कठड्यावरचं बोट उचललं. चित्र तिथेच अडकलं. नितीन पुटपुटला, "नेटवर्क, यार." बाबांची नजर पडद्यावरच. बऱ्याच वेळाने फोनमधून आवाज आला. टक.

बाबांनी एक ठोका दिला. अगदी हलका. मी दांडकं उचललं.

"आता कुणाचा?" मी विचारलं.

"उसका," बाबा म्हणाले.

माझा खांदा भरून आला होता. दांडकं तसंच वर धरून मी थांबले.