रबिशच्या पट्टीवरची झुलती खुर्ची

कोणतीही वस्तू जन्मतः रबिश नसते. तो दर्जा तिला सुसंस्कृत समाज देतो. या शब्दाच्या कुळाबद्दल पंडितांत एकमत नाही. पडक्या भिंतीचा राडारोडा, असा मूळ अर्थ सांगतात. आमच्या मेलबर्नच्या गल्लीत भिंती शाबूत असूनही शब्दाने मोठी मजल मारली आहे. माझा नवरा इवान तो फुटबॉलच्या पंचांसाठी वापरतो, सासूबाई माझ्या सूपसाठी (प्रेमाने), आणि कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, अत्यंत काटेकोरपणे: वर्षातल्या ठरलेल्या आठवड्यात घरासमोरच्या गवताच्या पट्टीवर जे असेल ते रबिश. कौन्सिलची कचरागाडी येण्याआधी जो उचलेल, त्याचे. या व्याख्येपुढे मी हात जोडते. भावनेला शिरायला तिच्यात फटच नाही.

त्याच आठवड्यात मी दुधाचे डाग धुतलेली झुलती खुर्ची पट्टीवर उन्हात ठेवली. आईने मला तिच्यातच वाढवले. माझी चार महिन्यांची लेक टिली इतरत्र झोपत नाही (सव्वीस जागा तिने तपासून नाकारल्या आहेत). अकराव्या मिनिटाला खुर्ची समोरच्या म्हाताऱ्या ग्लेनिसच्या व्हरांड्यात होती. ग्लेनिससकट.

"अगं ग्लेनिस, माझी आहे ती! वाळत घातली होती."

"पट्टीवर?"

"हो, पण—"

"मग रबिश. मी काय चोर आहे? जन्मात कुणाच्या काडीला हात लावला नाही मी. रबिश सोडून."

टिलीने भोकाड पसरले. ग्लेनिस विरघळली. "बरं बाई, ने. पण रीतसर ने हो. उचललेलं हातात परत दिलं, तर गल्लीत तोंड कसं दाखवू?"

तिने खुर्ची स्वतःच्या पट्टीवर ठेवली. मी उचलणार, तोच टिलीला भूक लागली. बसले. ती प्यायली, झोपली. तिच्या मागोमाग मीही.

जाग आली तेव्हा कौन्सिलची गाडी उभी होती.

"बाई, उठा. पट्टीवरचं सगळं जातं."

"हळू बोला हो! आत्ताच झोपलीय."

गाडीवरच्या दोघांनी नियमांचा कागद काढला.

"माणसांचं काही लिहिलंय का रे?"

"गाद्या आहेत, फ्रिज आहेत. माणसं नाहीत."

"पण पट्टीवर आहेत ना?"

"आहेत खरी."

माणसे मोठी सज्जन. आजूबाजूचे सगळे उचलून त्यांनी आम्हाला पुढच्या वर्षावर ढकलले. खुर्ची वाचली. टिली दोन तास झोपली.

तुम्ही खुशाल हसा. फक्त आधी एकदा पाहून घ्या, वर्षभरात घरच्यांनी तुमची खुर्ची दाराकडे किती सरकवली आहे.