नानांच्या बारा ओळी

धनराज नाना कोणालाही तीनदाच फोन करायचे. पहिला उचलला नाही तर एक मिनिट थांबून दुसरा, मग दोन मिनिटं थांबून तिसरा. मग फोन टेबलावर पालथा. जगबुडी आली तरी चौथा नाही.

एकदा सावद्याच्या केळी पिकवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एका खोलीचं तापमान चढायला लागलं. इकडे जळगावात आमच्या ऑफिसच्या स्क्रीनवर लाल रेघ. नानांनी तिथल्या वॉचमनला तीन फोन केले आणि शांतपणे डबा उघडून जेवायला बसले. वॉचमन अंघोळीला गेला होता. चौथा आला असता तर नक्की उचलला असता, असं तो नंतर शपथेवर सांगत होता. खोलीभर केळी काळी पडली आणि पुण्याच्या साहेबांच्या शिव्या मी खाल्ल्या, कारण वयाने नानांच्या निम्मा असलो तरी टीम लीडर मी. नानांना जाब विचारला तर म्हणाले, "तीनदा इचारानं, थांबी थांबी. चौथांदा इचारं का तो तरास व्हस."

हा नियम त्यांनी जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहूनही ठेवला होता. आमचं काम असं, की एक मोठा प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी वीस छोटे लिहायचे. एक तापमान पाहतो, एक पंखे चालवतो, एक मेसेज पाठवतो, आणि सगळे क्लाऊडवर बसून एकमेकांना विचारत राहतात. असे प्रोग्रॅम बांधायचं एक टूलकिट इंटरनेटवर फुकट मिळतं, जगभरचे लोक त्यात आपापली भर घालतात. नऊ वर्षांपूर्वी नानांनी बारा ओळी पाठवल्या आणि त्या घेतल्या गेल्या. समोरचा प्रोग्रॅम उत्तर देत नसेल तर थांबून थांबून तीनदा विचारायचं, मग गप्प बसायचं. पारोळ्याच्या माणसाने लिहिलेल्या ओळी जगभर चालतात याचं आम्हाला सहा महिने कौतुक वाटलं, पुढे वैताग आला.

टूलकिटचं नवीन व्हर्जन आलं की ऑफिसात वाचन व्हायचं. लोक नवीन काय आलं ते पाहतात. नाना चष्मा पुसत म्हणायचे, "पहिले काय काढेल शे ते वाच." पेपर उघडला की आधी निधनवार्ता वाचणारे म्हातारे असतात, तशातली गत. मी काढून टाकलेल्या गोष्टींची यादी वाचायचो. आपल्या ओळी त्यात नाहीत असं कळलं की नाना सगळ्यांना चहा सांगायचे. मी त्यांची पुष्कळ टिंगल केली आहे. रोज संध्याकाळी साडेसहाला ते खिडकीशी जाऊन कोणाला तरी तीन फोन लावत आणि पलीकडून ते कधीच उचलले जात नसत, त्यावरूनही केली. "नाना, कोण हो ही?" असं मी सगळ्यांसमोर विचारायचो. ते नुसतेच हसायचे.

या वर्षीचं व्हर्जन आलं तेव्हा मी घाईत होतो, भराभर वाचत सुटलो. सहाव्या नंबरवर नानांच्या ओळी होत्या. काढून टाकल्या होत्या. आता उत्तर आलं नाही की लगेच संबंध तोडायचा आणि पुढे जायचं, त्याने वेळ वाचतो, असं खाली कारणही दिलं होतं.

"परत वाच," नाना म्हणाले.

मी परत वाचलं.

"आपण जुनंच ठेवू."

"साहेबांना आजच नवीन हवंय, नाना."

"एक महिना थांब, भाऊ." एरवी ते मला नावाने हाक मारत.

"बारा ओळींसाठी कंपनी थांबवू का?" मी जरा मोठ्यानेच म्हणालो. बाकीचे हसले. दुपारी मी नवीन व्हर्जन चढवलं आणि सगळं पहिल्यापेक्षा भरभर चालायला लागलं.

सहाच्या सुमारास नाना माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "माझा मुलगा नीलेश टोरंटोला असतो," ते म्हणाले. "मुलगी दुसऱ्या जातीची म्हणून मी लग्नाला गेलो नाही. अडून बसलो. चार वर्षं झाली, फोन उचलत नाही. त्याच्या कंपनीत हेच टूलकिट आहे. त्याचं काही अडलं की माझ्या ओळी चालायच्या. त्याला ठाऊक नव्हतं. माले ठाऊक व्हतं, बस."

मला नानांचा राग आला, त्या नीलेशचाही आला. ओळी काढल्या होत्या दुसऱ्याच कोणी, पण इथलं बटण मी दाबलं होतं आणि वर त्यांचं हसं केलं होतं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

साडेसहाला नाना खिडकीशी गेले. पहिला फोन. एका मिनिटाने दुसरा. दोन मिनिटांनी तिसरा. टेबलाशी येऊन त्यांनी फोन पालथा ठेवला, डबा पिशवीत घातला. मीही बॅग उचलली, कारण नानांचा दिवस इथे संपतो.

त्यांनी फोन पुन्हा हातात घेतला आणि चौथ्यांदा लावला.

पूर्ण रिंग वाजली आणि बंद झाली. नाना फोन कानाला धरून तसेच उभे राहिले.