आम्रपालीचं नाक

आम्रपालीचा घोळणा फुटला तो नेमका कंपनीच्या प्रयोगशाळेत, पांढऱ्याशुभ्र एप्रनवर. दोष मुरमांच्या गोळ्यांचा. महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "चेहरा सुधारेल, पण नाक कोरडं पडेल. आतून व्हॅसलीन लावत जा." व्हॅसलीन बिरवाडीच्या खोलीवर राहिलं आणि आम्रपाली कामावर आली.

एरवी काही बिघडलं नसतं. पण तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे श्रीधर साहेब त्याच दिवशी ठरवणार होते. साहेबांचं मत मुलाखतीपासून पक्कं होतं, "बाईमाणसाला केमिकल सोसत नाही." स्वतः साहेब एसी केबिनबाहेर सहसा येत नसत, तो भाग वेगळा.

म्हणून ती गुपचूप खुर्चीत बसली आणि मान पुढे करून तिनं नाक चिमटीत धरलं. तेवढ्यात मदतनीस सहदेव बाटल्या घेऊन आत आला.

"ग्यास सुटला! म्याडमच्या नाकातून रगत येतंय!"

"अरे, गॅस नाही, गोळ्या..." धरलेल्या नाकातून असा काही आवाज निघाला, की सहदेवाला ते तिचे शेवटचे शब्दच वाटले. त्यानं धावत जाऊन भोंग्याचं बटण दाबलं.

औद्योगिक वसाहतीत भोंगा का वाजला हे कुणी विचारत बसत नाही, आधी पळतात. अख्खी शिफ्ट गेटपाशी जमली, आम्रपालीसुद्धा. सगळ्यांच्या आधी श्रीधर साहेब पोचले होते. कँटीनची काशीबाई फोडलेला कांदा घेऊन आली.

"हुंग गो पोरी, हुंग."

"काशीमावशी, कांदा नको. मी बरी आहे."

"बरी?" बंद गेटला खेटून उभे असलेले साहेब गरजले. "बघितलंत सगळ्यांनी? मी पहिल्यापासून सांगत होतो, बाईमाणसाला..."

आता मात्र आम्रपालीचं डोकं फिरलं.

"गॅस-बिस काही नाही, साहेब! मुरमांच्या गोळ्या घेते मी, त्यानं नाक कोरडं पडतं. चेहरा माझा, नाक माझं, रक्तही माझंच. गोळ्या सोडणार नाही आणि नोकरी तर नाहीच नाही!"

शिफ्टमधून कुणीतरी शिट्टी मारली. एवढ्यात बाहेर अग्निशमनचा बंब आला. वॉचमन जानूनं घाईघाईनं गेट आत ओढलं. साहेब कुणी शिट्टी मारली ते बघायला वळले आणि गेटची कड त्यांच्या नाकावर बसली.

शर्टावरचं रक्त बघताच साहेब मटकन खाली बसले आणि त्यांनी मान मागे टाकली.

"मान मागे नको, रक्त घशात उतरतं!" आम्रपालीनं त्यांना पुढे वाकवलं. तिचं स्वतःचं रक्त एव्हाना थांबलं होतं. तिनं साहेबांचं नाक चिमटीत घट्ट धरलं. "तोंडानं श्वास घ्या. आणि आता सगळ्यांसमोर सांगा, कायम की घरी?"

साहेब मान डोलवू लागले.

"हलू नका. तोंडानं सांगा."

"कायब," साहेब म्हणाले. अख्ख्या शिफ्टनं ऐकलं.

काशीबाईनं कांदा परत पदराखाली घेतला आणि कँटीनकडे निघता निघता म्हणाली, "बाप्यामानसाला गेट सोसत नाय वाटतं!"